गार कॉफीचा हिशेब

यंदाच्या मे महिन्यात आमच्या ह्यांच्या रक्ततपासणीचा अहवाल आला, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आकडा असतो तो ७.१ वरून ८.३ वर गेलेला निघाला. घरात चहा बिनसाखरेचा, आंब्याच्या मोजून दोन फोडी, गोळ्या वेळेवर. मग ही साखर आली कुठून, याचा उलगडा दोन दिवसांनी धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात झाला. तिथे एकात एक दुमडलेली अकरा बिलं होती, सगळी एकाच कॅफेची आणि सगळ्यांवर एकच ओळ : कोल्ड कॉफी विथ आइस्क्रीम. संध्याकाळी पाऊण तास फिरून येतो म्हणून बाहेर पडणारा माणूस त्यातली वीस मिनिटं वातानुकूलित खोलीत बसून काढत होता.

"अगं, उकाडा किती आहे," हे पहिलं स्पष्टीकरण. दुसऱ्याने मात्र मी गप्प झाले. "आणि ती जागा कुठली माहितीये ना? आमचं ड्रायिंग सेक्शन होतं तिथे."

कोलशेत रोड ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाहिला असेल त्यांना हे समजेल. कापूरबावडीहून ढोकाळीमार्गे कोलशेत गावाकडे आणि पुढे खाडीकडे जाणारा हा रस्ता तेव्हा रसायनांच्या आणि रंगांच्या कारखान्यांचा होता. सँडोझ होती, तिच्यातूनच पुढे क्लॅरियंट निघाली, बायर होती, लहानसहान तर किती. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा आणि कोणाच्या बनियनवर कोणता रंग आहे त्यावरून तो कुठल्या खात्यात आहे ते कळायचं. आता त्या जमिनींवर पंचवीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत, तळमजल्यावर सलून, औषधांचं दुकान आणि कॅफे. आगरी-कोळ्यांचं मूळ गाव खाडीच्या अंगाला अजून आहे, पण पत्ता सांगताना हल्ली लोक गावाऐवजी गृहसंकुलाचं नाव सांगतात. ह्यांनी इथल्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली सतरा स्प्रे ड्रायरवर. तेव्हा त्या जागी जाऊन गारव्याला बसावंसं वाटण्यात फक्त आइस्क्रीमचा मोह नव्हता, हे मलाही कळत होतं.

मी अठ्ठावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. भांडण करण्यापेक्षा मोजमाप करणं मला सोपं जातं. दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर कॅफेत गेले आणि यंत्रामागच्या मुलाला सरळ विचारलं, की यात काय काय घालतोस रे? त्याने आनंदाने सांगितलं. दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दूध, बर्फ, साखरेच्या पाकाची दोन मापं, आइस्क्रीमचा एक गोळा आणि वरून चॉकलेटची धार. पाकाचे वीस ग्रॅम, आइस्क्रीमचे बारा-तेरा, चॉकलेटचे सात-आठ असा माझा अंदाज; म्हणजे एका पेल्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर, आठ-दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आणि ते निरोगी माणसासाठी.

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. भारी यंत्र, भारी पेला, तरी कॉफी मात्र बरणीतलीच होती. तर मग घरी का नाही?

घरी पहिला प्रयत्न फसला. उकळत्या पाण्यात कॉफी केली, पेलाभर बर्फावर ओतली, वर दूध. चव धुवणाची. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या दुधात थेट पावडर टाकली, तर ती वर तरंगली आणि ढवळल्यावर गुठळ्या झाल्या. ह्यांनी एक गुठळी चमच्यावर घेऊन निरखली आणि म्हणाले, "ओला रंग नीट सुकला नाही तर अगदी अशीच व्हायची." तिथून आमचं खरं संशोधन सुरू झालं, आणि त्यात ते माझ्यापेक्षा पुढे होते.

इन्स्टंट कॉफी आणि कापडाचा रंग हे एकाच यंत्रातून बाहेर पडू शकतात, हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलं. कॉफीच्या बिया भाजायच्या, भरडायच्या, उंच नळकांड्यांत भरून त्यांतून दाबाखाली तापवलेलं पाणी फिरवायचं. या पाण्याचं तापमान शंभर अंशांच्या बरंच वर जातं. त्यामुळे आपण घरी फिल्टरमध्ये बियांचा जेमतेम पाचवा भाग पाण्यात उतरवतो, तिथे कारखाना जवळजवळ निम्मा उतरवतो. हा अर्क आटवून घट्ट करायचा आणि एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून तुषारांसारखा फवारायचा. खालून-वरून गरम हवा खेळत असते. थेंब तळाशी पोचेपर्यंत त्यातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि पडते ती पावडर. "थेंब किती बारीक करायचा आणि हवा किती तापवायची, सगळी नोकरी याच दोन गोष्टींत गेली," ह्यांचं म्हणणं. महाग बरण्यांत मिळते ती दाणेदार कॉफी वेगळ्या रीतीने होते. अर्क उणे चाळीस अंशांच्या आसपास गोठवतात, त्याचे खडे करतात आणि निर्वातात ठेवतात. बर्फ पाणी न होता सरळ वाफ होऊन निघून जातो. सुगंध जास्त टिकतो, किंमतही.

या पावडरीचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलच्या डेव्हिड स्ट्रँगने १८९० च्या सुमारास विरघळणाऱ्या कॉफीचं पेटंट घेतलं होतं. सातोरी काटो या शिकागोत राहणाऱ्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने आपली पावडर १९०१ मध्ये बफेलोच्या प्रदर्शनात लोकांना पाजली. पण जगभर ती पोचली ब्राझीलच्या अडचणीमुळे. १९२९ च्या मंदीनंतर तिथे कॉफीचे ढीग पडून होते, भाव कोसळले होते, आणि ही कॉफी टिकेल अशा रूपात आणता येईल का, असं नेस्ले कंपनीला विचारण्यात आलं. माक्स मॉर्गेनथालर या शास्त्रज्ञाने कित्येक वर्षं खटपट केली आणि १ एप्रिल १९३८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली. भारतात ब्रुक बाँडची ब्रू १९६८ ची. नेस्लेचा नंजनगुडचा कॉफीचा कारखाना १९८९ चा.

मराठी घरात कॉफी याच्या कितीतरी आधी आली होती आणि ती वेगळीच होती. माझ्या आजोळी, गिरगावात, पोल्सनचा डबा असे. पोल्सन म्हणजे अमूलच्या आधीचं लोणी, एवढंच आज लोकांना आठवतं. पण पेस्तनजी एडलजी दलाल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी सुरुवात केली ती कॉफी भाजून-दळून विकण्यापासून. लोणी मागाहून आलं. त्यांची 'फ्रेंच कॉफी' म्हणजे कॉफीत चिकोरी. आजी दूध उकळताना त्यातच पूड आणि साखर टाकायची, वरून जायफळ किसायची आणि फडक्यातून गाळायची. चहा कोणालाही, कॉफी मात्र व्याह्यांना, आजाऱ्याला आणि मुलगी बघायला आलेल्यांना. मद्रासी डिकॉक्शन प्यायचं तर माटुंग्याला जावं लागे, आणि चारचौघांत बसून प्यायचं तर इंडिया कॉफी हाउस होतं. त्याची सुरुवात चर्चगेटला १९३६ मध्ये झाली. कॉफी आपल्याकडे पिकतही नाही म्हणावं तर विदर्भात चिखलदऱ्याला थोडीशी पिकते. माझ्या ओळखीतल्या अमरावतीकरांना याचा फार अभिमान आहे.

चिकोरीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण बरण्या विकत घेताना आपण झाकणाचा रंग बघतो आणि मागची बारीक अक्षरं वाचत नाही. चिकोरी ही एका वनस्पतीची मुळं, भाजून दळलेली. गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटा-अलिगडकडे तिची शेती होते. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. इन्युलिन नावाचं पिष्टमय द्रव्य मात्र भरपूर असतं, आणि भाजताना त्यातल्या काहीचं रूपांतर होऊन करपट-गोडसर चव येते. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण डब्यावर छापलं पाहिजे, असा आपल्याकडचा नियम आहे. बाजारातली लोकप्रिय मिश्रणं ७०:३० किंवा त्याच्या आसपास असतात. निव्वळ कॉफीच्या बरण्याही असतात. हे भेसळ म्हणून उडवून लावावं असं मला वाटत नाही. संध्याकाळी सहानंतर पिणाऱ्या सत्तरीच्या माणसाला निव्वळ कॉफीच्या दोन ग्रॅमच्या चमच्यातून साठेक मिलिग्रॅम कॅफिन मिळतं, तर मिश्रणातून चाळीस-पंचेचाळीस. शिवाय तो गोडसरपणा मला हवाच होता.

आता गुठळ्या. फवारून सुकवलेला कण म्हणजे स्फटिक नसतो, तर काचेसारखा असतो. चिक्कीचा पाक थंड होऊन कडक होतो तसा. चिक्की पावसाळ्यात चिकट होते त्याच कारणाने कॉफीची बरणी जूनमध्ये दगड होते. थोडा ओलावा शिरला की ही काच नेहमीच्या तापमानालाच मऊ पडते आणि कण एकमेकांना चिकटतात. खाडीकाठच्या हवेत हे दोन दिवसांत होतं, म्हणून बरणीत ओला चमचा घालू नये आणि ती गॅसच्या शेगडीजवळ, वाफेत, उघडू नये. गार दुधात टाकलेल्या पावडरीचंही असंच. बाहेरचे कण ओले होऊन त्यांचा चिकट पापुद्रा बनतो आणि आतली पावडर कोरडीच अडकते. पिठलं करणाऱ्या कोणालाही यावरचा उपाय ठाऊक आहे. आधी थोड्या पाण्यात कालवायचं, मग पातळ करायचं. कॉफीला तर गरम पाणीही लागत नाही. नळाच्या तीस अंशांच्या दोन चमचे पाण्यात ती अर्ध्या मिनिटात विरघळते. पाणी उकळायलाच हवं हा आपला चहावरून आलेला समज.

आणि उकळलेल्या पाण्यानेच पहिल्या दिवशी घात केला होता. ते गणित मी ह्यांना वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर करून दाखवलं. दीडशे ग्रॅम कॉफी ९० अंशांवरून ५ अंशांवर आणायची तर १५० गुणिले ८५, म्हणजे १२,७५० कॅलरी उष्णता काढून घ्यायला हवी. (या भौतिकशास्त्रातल्या कॅलरी, आहारातल्या याच्या हजारपट मोठ्या.) शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो आणि पाच अंशांपर्यंत तापताना आणखी ५. भागाकार केला की उत्तर येतं १५० ग्रॅम. जेवढी कॉफी तेवढंच बर्फाचं पाणी! फ्रीजरमधला बर्फ उणे अठराचा असतो हे धरलं तरी १३५ ग्रॅम होतातच. आता दुसरी रीत. वीस ग्रॅम पाणी तीस अंशांचं, त्यात कॉफी विरघळवलेली, आणि फ्रिजमधलं दीडशे ग्रॅम दूध सहा अंशांचं. दोन्ही एकत्र केल्यावर तापमान येतं नऊ अंशांच्या जरा खाली. बर्फाचा एकही खडा न घालता! नंतर दोन खडे टाकायचे ते पेल्यात आवाज यावा म्हणून.

बर्फाचा विषय निघालाच आहे. मुंबईने पहिला बर्फ पाहिला तो अमेरिकेतल्या तळ्यांचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये कलकत्त्याला जहाजाने बर्फ पाठवला, १८० टन निघाला आणि १०० टनांच्या आसपास पोचला. पुढच्या वर्षी मुंबईलाही आला. सर जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने त्यांना टोमणा मारला. माझ्या सासूबाई गेल्या त्याला वीस वर्षं झाली. गार प्यायल्याने सर्दी होते यावर त्यांचा आणि 'मुंबई समाचार'चा एकच विश्वास होता. आमच्याकडे बर्फाच्या लाद्या यायच्या त्या खाडीकडच्या मासळीसाठी. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याजोगा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा करायचा नियम आहे. तरी रसवंतीत आणि गाड्यांवर तो पांढराच का दिसतो हा प्रश्न मी विचारणं सोडलं. घरी गाळलेल्या पाण्याचा बर्फ करावा, कारण गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

गार कॉफीचा फेस ही यानंतरची पायरी, आणि इथे इन्स्टंट कॉफी फिल्टरवालीवर सरळ मात करते. कारखान्याने दाबाखाली जास्तीचं जे खेचून काढलेलं असतं, त्यात मोठ्या रेणूंची पिष्टद्रव्यं आणि भाजताना झालेले तपकिरी रेणू असतात. ते हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. फवारून सुकवलेल्या कॉफीत तेल जवळजवळ नसतं, म्हणून फेस मोडत नाही. १९५७ मध्ये ग्रीसमध्ये, थेसालोनिकीच्या व्यापारी जत्रेत, नेस्लेच्या दिमित्रिस वाकोंदिओस यांना कॉफीची तल्लफ आली आणि गरम पाणी मिळेना. त्यांनी चॉकलेट पेयाच्या हलवायच्या भांड्यात इन्स्टंट कॉफी आणि गार पाणी घालून खळाखळा हलवलं. तेव्हापासून 'फ्रापे' हे ग्रीकांचं उन्हाळी पेय झालं. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत कपात कॉफी, साखर आणि थेंबभर पाणी घेऊन चमच्याने पांढुरकी होईस्तोवर फेटत, ती याचीच बहीण. २०२० च्या टाळेबंदीत तीच कोरियाहून 'डालगोना' होऊन परत आली. नात म्हणाली, "आजी, तुला जमेल का बघ." मी काही बोलले नाही, तिला वाटी आणि चमचा दिला.

फरक असा, की फेटलेल्या कॉफीला साखर लागतेच. साखरेने द्रव दाट होतो, बुडबुडे बारीक राहतात. ग्रीक पद्धतीत साखर नसली तरी फेस येतो, फक्त पाणी गार आणि भांडं तेलातुपाच्या हाताचं नसावं, दूध मागाहून. आमच्यासारख्या घराला ग्रीक लोकच जवळचे.

राहिली गोडी. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की गोड चव पोचवण्यात जो एक सूक्ष्म मार्ग जिभेच्या पेशींत असतो, तो तापमानानुसार कमी-जास्त उघडतो; पंधरा अंशांना अगदी थोडा आणि पस्तिसाला भरपूर. वितळलेलं आइस्क्रीम म्हणून असह्य गोड लागतं. याचा उलटा अर्थ असा, की पेय जितकं गार तितकी साखर जास्त ओतावी लागते, आणि कॅफेतलं पेय गोठणबिंदूच्या जवळ असतं. आम्ही घरी एकच चमचा साखर घातलेले तीन सारखे पेले केले. एक फ्रिजमधून थेट, एक दहा मिनिटं बाहेर ठेवलेला, एक अर्धा तास. ह्यांना डोळे मिटायला लावले. तीन संध्याकाळी तिन्ही वेळा गोडीचा क्रम बरोबर लागला. तिसरा पेला सर्वांत गोड, पण "ही गार कॉफी नव्हे, ही विसरलेली कॉफी आहे," असा शेरा मिळाला. मधला पेला पास झाला. थंडीने सुगंधही दबतो. जायफळ म्हणून दुधात उकळायचं नाही, फेसावर अगदी शेवटी किसायचं, नाकाशी राहील असं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाचं जायफळ काढलंय. मला कोणी देवगडहून ताजी जायफळं आणून देतं, ती त्या जातीची आहेत की नाहीत देव जाणे, पण वास घरभर होतो.

तर आमचं ठरलेलं प्रमाण असं. झाकणाच्या काचेच्या बरणीत मिश्रणाची सपाट दीड चमचा कॉफी, सपाट एक चमचा, म्हणजे चार ग्रॅम, साखर आणि चार छोटे चमचे गार पाणी. झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट हलवायचं. बरणी निम्मी फेसाने भरते. पेल्यात ओतायचं, दीडशे मिली गार दूध कडेने हळू सोडायचं, जायफळ, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. दुधाची स्वतःची साखर सात ग्रॅम असते ती धरून अकरा होतात. चाळीसच्या जागी अकरा म्हटलं की कमी वाटतात, पण तेही रोज नकोत असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आठवड्यातून चार दिवस, आणि त्या संध्याकाळी पोळी एकच.

ऑगस्टअखेरीच्या अहवालात आकडा ७.४ आला. मे महिन्यात एक गोळीही वाढवली होती, त्यामुळे श्रेय कॉफीला किती आणि गोळीला किती हे मला सांगता येणार नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की प्रयोग वाया जातो, हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगितलंय. हे अजून संध्याकाळी फिरायला जातात. कॅफेच्या बाहेरच्या कट्ट्यावर त्यांच्या खात्यातले आणखी दोघे येऊन बसतात, तिघांचीही साखर सारखीच. गेल्या आठवड्यात हे निघताना माझ्याकडून पावडर भरलेल्या तीन छोट्या बरण्या आणि गार पाण्याचा थर्मास मागून घेऊन गेले. बरणी किती वेळ हलवायची यावर तिथे वाद झाला म्हणे. हे अर्ध्या मिनिटावर ठाम होते, दुसरे एक म्हणत होते की थेंब बारीक हवा असेल तर पाऊण तरी पाहिजे.